हुशार की मेहनती?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातले माझे अनुभव' हा विषय दिला होता. पण पुरणपोळीच्या जेवणानंतर सॉफ्टवेअरवर बोलायचं म्हणजे सभागृहाला झोपायची लेखी परवानगीच द्यायची. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी आज सायकल शर्यतींवर बोलणार आहे. शेवटी एक सूचनाही मांडणार आहे, आणि ती आपल्या बॅचच्या निधीबद्दल आहे. तेव्हा खजिनदारांनी तरी जागं राहावं.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं नेदरलँड्समध्ये होते. तिथे जुलै उजाडला की ऑफिसात 'टूर दि फ्रान्स'शिवाय दुसरा विषय नसतो. तीन आठवडे, २१ टप्पे, साधारण ३,४०० किलोमीटर, वाटेत आल्प्स आणि पिरेनीजचे डोंगर. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आपल्यापैकी काही जणांनी शाळेत असताना सायकलवरून चढलाय, निदान चढल्याचं सांगितलंय. तसे तीन-चार घाट एका दिवसात चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलवर बसायचं, असा तो प्रकार. तिथे लागलेलं हे वेड पुण्यात परतल्यावरही सुटलेलं नाही.

या खेळाच्या चाहत्यांमध्ये एक वाद कधी संपत नाही. जिंकणारा जन्मतःच वेगळा असतो, की तो इतरांपेक्षा जास्त राबतो, की त्याचं मन जास्त घट्ट असतं? हा वाद ऐकताना मला दर वेळी आपली प्रगतिपुस्तकं आठवतात.

प्रगतिपुस्तकात शेऱ्याचा एक अरुंद रकाना असायचा. दोन-तीन शब्दच मावायचे त्यात. माझ्या रकान्यात पाचवीपासून दहावीपर्यंत बहुतेक एकच शब्द आहे : 'मेहनती'. माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्या मित्राचा शेरा असायचा, 'हुशार, पण अभ्यासात लक्ष नाही'. तो समोरच बसलाय आणि आत्ता हसतोय, म्हणून नाव घेत नाही. आम्हा दोघांचे गुण जवळपास सारखे असायचे. तरीही त्याचा शब्द वरच्या प्रतीचा आणि माझा खालच्या, एवढं त्या वयातही कळत होतं. मी घरी तसं म्हटलं तर आई म्हणाली, "मेहनती म्हटलंय ना? मग झालं. नुसती हुशारी काय डबीत घालून ठेवायचीय?"

गेल्या महिन्यात ग्रुपवर बऱ्याच जणांनी आपापल्या प्रगतिपुस्तकांचे फोटो टाकले. तुम्हीही पाहिलं असेल, 'हुशार' बहुतेक मुलगे आणि 'मेहनती' बहुतेक मुली. सर, बाई, ही तक्रार नाही. घरोघरी हेच बोललं जायचं, आमच्याही घरी. पण हे दोन शब्द मुलांच्या मनात फार खोल जातात, आणि म्हणूनच ते खरे किती, हे तपासून पाहावंसं वाटतं. त्यासाठी सायकल शर्यतीइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही, कारण तिथे जवळपास सगळं मोजता येतं.

आधी उपजत देणगीबद्दल. जोर लावून व्यायाम करताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, याचं एक माप आहे. त्याला 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात. ते वजनाच्या दर किलोमागे मिलिलिटरमध्ये सांगतात. निरोगी तरुण माणसाचा आकडा चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असतो. व्यावसायिक सायकलपटूंचा सत्तर-ऐंशीच्या घरात. तीन वेळा टूर जिंकणाऱ्या अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडचा ९२.५ असल्याचं सांगितलं जातं. नुसत्या घामाने चाळीसचे नव्वद होत नाहीत. तेव्हा 'मेहनत केली की कुणीही काहीही होऊ शकतं' हे भिंतीवर लिहायला छान असलं, तरी खरं नाही. मी रोज पहाटे चारला उठून सायकल चालवली असती, तरी टूरमध्ये पोचले नसते.

आता याच मापाची दुसरी बाजू. २०१२ साली ओस्कार स्वेंडसन नावाच्या नॉर्वेच्या १८ वर्षांच्या मुलाचा आकडा ९७.५ आला. तोवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी हा एक. त्याच वर्षी, घड्याळाविरुद्ध एकट्याने पळायच्या शर्यतीत, तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. हा मुलगा पुढे टूर जिंकणार, असं भाकीत करायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. पण २०१४ मध्ये, विशीतच, त्याने व्यावसायिक शर्यती सोडल्या. टूरच्या यादीत त्याचं नाव कधी आलंच नाही. त्याला कुणी आळशी म्हणू नये. एवढा मोठा आकडा अंगात आहे म्हणून आयुष्याची पंधरा वर्षं रस्त्यावर काढलीच पाहिजेत, असं बंधन कुणावर नसतं. देणगी मोजता येते, पण ती वापरावीशी वाटणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचं यंत्र अजून निघालेलं नाही.

म्हणजे शेवटी मेहनत महत्त्वाची, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा. मेहनतीबद्दल एक गोष्ट मला स्वतःला पचायला वेळ लागला.

१९९०च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी 'हेरिटेज' नावाचा एक अभ्यास केला. त्यात ९८ कुटुंबांतल्या, नियमित व्यायाम न करणाऱ्या ४८१ जणांकडून २० आठवडे सायकलचा व्यायाम करून घेतला. ज्याच्या त्याच्या कुवतीच्या प्रमाणात, पण सगळ्यांना एकाच पद्धतीने आणि कोणीतरी समोर उभं राहून लक्ष ठेवत. म्हणजे टंगळमंगळ करायला जागा नाही. शेवटी पुन्हा मोजणी केली. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरीने मिनिटाला साधारण ४०० मिलिलिटरने वाढली होती. पण सरासरीच्या पोटात काय होतं? कुणाची तब्बल लिटरभर वाढली होती, आणि कुणाची जवळजवळ काहीच नाही. शिवाय हा फरक बराचसा कुटुंबागणिक दिसत होता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मेहनतीचं फळ किती मिळणार, यातही उपजत भाग आहे. दोन मुलं तेवढाच वेळ, तेवढ्याच मनापासून घाम गाळतात आणि एकाच्या पदरात लिटर पडतो, दुसऱ्याच्या पदरात चमचाभर. मग त्या दुसऱ्याला 'तू अभ्यास केलाच नाहीस' असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय नाही का? आपल्या वर्गात अशी मुलं होती. रात्र रात्र जागून पाठ करायची, सकाळी पेपरात काही आठवायचं नाही, आणि वर 'अभ्यास करत नाही' हा शेरा घेऊन घरी जायची. त्यांतले काही आज इथे आलेत. काहींना कितीदा फोन केले तरी ते आले नाहीत.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१७ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी अशाच स्वरूपाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांचे गट पाडून कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला दोनदा, असं करत कुणाला पाचदा व्यायाम दिला, सहा आठवडे. पुन्हा तेच : काही जणांच्यात फरकच पडला नाही. त्यांनी मग या फरक न पडलेल्यांना नापास करून घरी पाठवलं नाही. त्यांना आणखी सहा आठवडे दिले आणि दर आठवड्याला आधीपेक्षा दोन वेळा जास्त व्यायाम दिला. या दुसऱ्या खेपेनंतर मोजलं, तर फरक न पडलेला एकही जण उरला नव्हता.

सगळे सारखे झाले, असं नाही. कुणी टूर जिंकायच्या लायकीचाही झाला नाही. पण ज्यांच्यावर 'याच्यात काही फरक पडत नाही' असा शिक्का बसला होता, ती माणसं हललीच नव्हती असं नाही, त्यांना डोस कमी पडला होता. औषध लागू पडलं नाही की डॉक्टर आधी डोस पाहतात, रोग्याला दोष देत नाहीत.

आता मनाच्या ताकदीकडे येते. यात सर्वांत मोठी कहाणी कुणाची, तर लान्स आर्मस्ट्राँगची. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याला कर्करोगाचं निदान झालं. त्यातून उठून त्याने १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर जिंकल्या. आम्ही इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसच्या प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात त्याचं नाव निघायचं. इच्छाशक्ती असावी तर अशी! पुढे २०१२ मध्ये ही सातही विजेतेपदं उत्तेजकांच्या वापरामुळे काढून घेतली गेली आणि २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर स्वतः कबुली दिली. तो राबत नव्हता, असं नाही. खूप राबत होता. पण आपण इतरांपेक्षा जास्त राबतो म्हणून जिंकतो, ही गोष्ट त्याला झाकणासारखी उपयोगी पडली. त्या वर्षांत प्रामाणिकपणे सायकल चालवून मागे पडलेल्या मुलांचा मी विचार करते. आपलंच मन कच्चं, आपणच कमी पडलो, असं समजून किती जण घरी गेले असतील! तेव्हापासून कुणी यशाचं सगळं श्रेय जिद्दीला देऊ लागलं की मला थोडी शंका येते.

मग जिद्द नसतेच का? असते. पण ती निकालात दिसेलच असं नाही. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच आधी स्की-जंपिंग करायचा, म्हणजे बर्फाच्या उतारावरून झेप घेण्याचा खेळ. २००७ मध्ये कनिष्ठांच्या जागतिक स्पर्धेत त्याच्या संघाने सुवर्णपदक मिळवलं होतं. ते सोडून विशी ओलांडल्यावर तो सायकलकडे वळला. २०२० च्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवसापर्यंत तो ५७ सेकंदांनी पुढे होता. त्या दिवशी ३६ किलोमीटरच्या घड्याळी शर्यतीत त्याच्याच देशाच्या तादेय पोगाचारने ती सगळी आघाडी धुऊन काढली. पोगाचार तेव्हा २१ वर्षांचा होता. रोग्लिच ५९ सेकंदांनी टूर हरला. त्या दिवशी त्याची जिद्द कमी पडली का? मला तसं वाटत नाही. समोरचा मुलगा त्या दिवशी जास्त वेगवान होता, एवढंच. रोग्लिचने थांबून त्याला मिठी मारली. पंधरा दिवसांनी तो बेल्जियममधली लिएज-बास्तोन-लिएज ही जुनी, अवघड शर्यत जिंकला आणि नोव्हेंबरात स्पेनची तीन आठवड्यांची शर्यतही.

त्याचीच दुसरी आठवण तर मला मुद्दाम आज सांगायची आहे. २०२३ ची इटलीची शर्यत, शेवटून दुसरा दिवस, मोंते लुसारी नावाचा खडा चढ. रोग्लिच २६ सेकंदांनी मागे. ऐन चढावर त्याची चेन उतरली. उतरून चेन बसवली खरी, पण तसल्या चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं किती कठीण, हे पसरणी घाटात थांबलेल्यांना विचारा. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस धावत आला आणि त्याने रोग्लिचला पाठीमागून ढकलून मार्गी लावलं. तो होता २००७ च्या त्या स्की-जंपिंग संघातला त्याचा जुना जोडीदार. रोग्लिच ती शर्यत १४ सेकंदांनी जिंकला. पायात ताकद त्याचीच होती, डोकं शांत ठेवलं ते त्यानेच. पण सोळा वर्षांपूर्वीचा सवंगडी नेमक्या त्या वळणावर उभा होता, हेही तितकंच खरं. आपल्यापैकी ज्यांची चेन कधी ना कधी उतरली, त्यांना तेव्हा कुणी ढकललं, हे ज्याचं त्याला माहीत आहे.

आता दोन बायकांबद्दल, कारण 'मेहनती' मुलींच्या वतीने एवढं बोलायचा मला हक्क आहे.

नेदरलँड्सची आनेमीक फान फ्ल्युटेन पंचविशीच्या आसपास सायकल शर्यतींत आली. त्याआधी ती फुटबॉल खेळायची. गुडघा दुखावला म्हणून सायकल धरली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सर्वांत पुढे असताना ती उतारावर पडली आणि कण्याला तीन ठिकाणी चीर गेली. २०२२ मध्ये बायकांची नवी टूर दि फ्रान्स सुरू झाली, ती तिने ३९व्या वर्षी जिंकली. त्याच वर्षी कोपराचं हाड मोडलेलं असताना ती जगज्जेतीही झाली. पण यातली मधली ओळ वाचा. १९८०च्या दशकात काही वर्षं पुरुषांच्या टूरबरोबर बायकांची टूर होत असे. ती बंद पडल्यावर त्या तोडीची शर्यत उभी राहायला २०२२ उजाडलं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत अशी देणगी असलेल्या मुली जन्मल्याच नसतील का? त्यांना चढायला घाटच नव्हता.

दुसरी ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर. ही गणितातली डॉक्टरेट. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी तिच्यामागे कुठला व्यावसायिक संघ नव्हता. स्वतःचा सराव, स्वतःचा आहार सगळं तीच आखायची. ऑस्ट्रियातर्फे त्या शर्यतीत ती एकटीच होती. ती सुरुवातीलाच पुढे निसटली आणि १३७ किलोमीटरची शर्यत ७५ सेकंदांनी जिंकली. मागच्या नामवंतांपैकी कित्येकींना कुणी पुढे आहे याचा पत्ताच नव्हता. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते. दुसरी आलेली फान फ्ल्युटेन तर आपणच जिंकलो समजून हात वर करून आली. कीझनहोफरला 'हुशार' म्हणाल की 'मेहनती'? मला तर तिच्या बाबतीत हे दोन शब्द वेगळे करताच येत नाहीत.

वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहितेय, आणि आता मुलाखती घेऊन माणसं निवडायचं कामही करते. तिथेही 'हा जात्याच हुशार' आणि 'ही मेहनती आहे' असे शेरे कानावर येतात, अजूनही बहुतेक त्याच वाटणीने. मी तेव्हा दोनच प्रश्न विचारते : याला किंवा हिला आजवर कोणता घाट चढायला मिळाला? आणि अडलं तेव्हा दुसरे सहा आठवडे मिळाले का?

आता सूचना. बॅचच्या निधीच्या व्याजातून दर वर्षी दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यायचं, असं ग्रुपवर ठरत आलंय. पहिल्या येणाऱ्याचं कौतुक व्हावंच. ट्रॉफी द्या, टाळ्या वाजवा. पण त्याचा घाट चढून झालेला असतो, आणि त्याला बक्षीस द्यायला गावात आणखी दहा जण तयार असतात. आपले पैसे मात्र दुसऱ्या खेपेसाठी असावेत, असं माझं म्हणणं आहे. एक-दोन विषय राहिलेल्यांची पुन्हा बसायची फी, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांची पुस्तकं, आणि त्यांना संध्याकाळी शिकवणाऱ्याचं मानधन. आपल्या बॅचमधल्या तिघांनी असंच ऑक्टोबरला बसून दहावी काढली. त्यांतल्या एकाच्या वर्कशॉपमध्ये आज अकरा माणसं कामाला आहेत. आजच्या मंडपाचा सांगाडाही त्यानेच, एक पैसा न घेता, उभा करून दिलाय. त्याला तेव्हा ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी गणित शिकवलं, ते आपल्याच एका सरांनी, फी न घेता. सर आज पहिल्या रांगेत बसलेत. स्वतःहून ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगितलं.

या सूचनेवर चहाच्या आधी हात वर करून मतं घ्यावीत, अशी अध्यक्षांना विनंती करते. विरोधात हात वर करणाऱ्यांवर माझा राग नाही. फक्त उद्या पहाटे सहाला त्यांनी माझ्याबरोबर पसरणी घाट चढायला यावं. सायकलींची सोय माझ्याकडे.